चिंचेने घासलेलं इंजिन

माणूस चहा कसा पितो यावरून मी त्याला ओळखतो. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टोकावड्याला माझा ढाबा आहे आणि उभा जन्म लोकांच्या हातात ग्लास देण्यात गेला आहे. घाईतला माणूस जीभ भाजून घेतो. घरून भांडून आलेला ग्लास दोन्ही हातांत धरून बसतो. ज्याला चहा नकोच, नुसतं कुठेतरी टेकायचंय, तो शेवटचा घोट तळाशी ठेवून देतो. त्यामुळे धुळवडीच्या दुपारी माझे दाजी ढाब्यावर आले, त्यांनी ग्लास उचलला आणि परत ठेवताना तो टेबलावर टकटक वाजला, तेव्हा मी समजायचं ते समजलो.

दाजी म्हणजे महिपत, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहिणीचं नाव सकुबाई, पण आम्ही भावंडं तिला बाय म्हणतो.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"काय कधीपासनं?"

"हात."

दाजींनी उजवा हात टेबलाखाली घेतला. "थंडीनं होतंय रे."

"धुळवडीला कसली थंडी, दाजी?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. एक एसटी घाटाकडे गेली, तिचा धुरळा खाली बसला. मग म्हणाले, "कल्याणला दाखवलं. कंपवात बोलला डॉक्टर. गोळ्या चालू हायेत, दुकानात ठेवतो. सावळाराम, बायला बोलू नको."

"का?"

"उगाच झोप जाईल तिची."

हे कारण मला तेव्हाही पटलं नाही. बायची झोप काही इतकी नाजूक नाही. खरं कारण असं, की या माणसाला आयुष्यभर लोकांनी मान दिला तो हातासाठी. शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं, दिसायला माझ्यासारखाच. पण मुरबाडच्या पेठेत, जिथे त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, कोणीही सांगेल, बिघडलेला टीव्ही दाखवायचा तर महिपतला. काय हात आहे! माझ्या आईनं जावई पसंत केला तोसुद्धा आमचा बंद पडलेला रेडिओ त्यानं ओटीवर बसल्या बसल्या चालू केला म्हणून. असा माणूस हात गेला हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी मूठ झाकली आणि मला तिच्यावर पहारेकरी म्हणून बसवलं.

आता इंजिनांचं सांगतो. मुरबाडला रेल्वे नाही. येणार, येणार, असं मी माझ्या जावळापासून ऐकतोय आणि माझ्या नातवाचंही जावळ झालं. अशा गावात बसून आमचे दाजी वाफेची इंजिनं बनवत होते, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटतं. टोकावड्याच्या पुढे पागनीस नावाच्या दादरच्या साहेबांचा बंगला होता. शनिवार-रविवार यायचे, जाता-येता माझ्याकडे चहा घ्यायचे. अर्धा पिऊन, उरलेला गार करून, मग सावकाश संपवणारा माणूस, म्हणजे सुखी. एकदा त्यांचा टीव्ही बिघडला म्हणून मी दाजींना पाठवलं. दाजी टीव्ही बघायला गेले आणि तिथे एका खोलीभर टेबल मांडून त्यावर रूळ अंथरलेले दिसले. स्टेशन, सिग्नल, बोगदा, सगळं. बाजूला एक खोका उघडा पडला होता. त्यात पापडासारखा पातळ पितळेचा पत्रा आणि त्या पत्र्यात कापून ठेवलेले इंजिनाचे भाग. असे खोके साहेब परदेशातून मागवायचे. सुट्या भागांचं इंजिन आपण जोडायचं, हीच त्यातली मजा. पण साहेबांना सोल्डरिंग जमत नव्हतं. बोटं भाजून घेतली होती आणि इंजिनाच्या जागी पितळेचा गोळा झाला होता. दाजींनी तो गोळा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "मी नेऊ का?"

तिथून सुरू झालं. टीव्हीचा धंदा तोवर बसतच आला होता. लोक नवा पातळ टीव्ही घेतात, बिघडला की टाकतात. दुकानात माशा मारण्यापेक्षा दाजी इंजिनं जोडायला लागले. आधी पागनीस साहेबांची, मग त्यांच्या मित्रांची. वीतभर लांबीचं इंजिन, त्याला शेकडो भाग. पत्र्यातून एकेक भाग पात्याने कापून काढायचा, कडा घासायच्या, घडी घालायची. खऱ्या इंजिनाला रिव्हेट असतात ना, त्या इथे पत्र्याच्या मागून सुईने टोचून उठवायच्या, एकेक. बॉयलर गोल करायला दाजींना बायचं लाटणं सापडलं. नेमक्या मापाचं! ते लाटणं जे दुकानात गेलं ते परत आलंच नाही, आणि बायने दुसरं आणलं तेव्हा आधीच सांगून ठेवलं की ह्याच्यावर भाकऱ्यांशिवाय काय व्हायचं नाय.

सांगाडा उभा राहिला की मग बारीकसारीक. साहेब त्याला डिटेलिंग म्हणायचे. बॉयलरच्या कडेने धरायची दांडी, ती दांडी पेलणारे मोहरीएवढे मणी, दिवे अडकवायच्या खुंट्या, चढायच्या पायऱ्या, नळ्या आणि सगळ्यात शेवटी शिट्टी. शिट्टी जिऱ्याएवढी. दाजी ती चिमट्यात धरायचे, सोल्डरचा ठिपका द्यायचे आणि श्वास सोडायचे. मी पुष्कळदा समोर बसून पाहिलंय. शिट्टी बसेपर्यंत मलाही श्वास घ्यायची हिंमत व्हायची नाही. सोल्डरला लावायच्या राळेच्या धुराने डोळे चुरचुरायचे ते वेगळंच.

खरं वाफेचं इंजिन दाजींनी जन्मात एकदाच पाहिलं. लहानपणी बापाबरोबर कल्याणला गेले होते, तिथे यार्डात काळंभोर धूड उभं होतं. जवळ गेले आणि त्याने शिट्टी मारली. "चड्डी ओली झाली रे माझी," हे दाजी स्वतःच सांगतात, आणि सांगून हसतात. एवढ्या भांडवलावर या माणसाने इतकी वर्षं इंजिनं केली.

पण एकही घरात राहिलं नाही. झालं की खोक्यात बसून साहेबांकडे, नाहीतर साहेबांच्या मित्राकडे. बायने त्यातलं एकही चालताना पाहिलेलं नाही. मग साहेबांची बायको वारली, बंगला विकला गेला, साहेब मुलीकडे पुण्याला निघाले. जाताना माझ्या ढाब्यावर थांबले आणि दाजींना बोलावून घेऊन एक न उघडलेला खोका त्यांच्या हातात ठेवला. "महिपतराव, हे तुमचं. हे कोणाला द्यायचं नाही." त्या दिवशी साहेबांनी चहा गरमच संपवला. मला ते बरं वाटलं नाही.

मालगाडीचं जुनं इंजिन होतं ते. दाजींनी घाई केली नाही. दिवाळीनंतर सांगाडा उभा केला, मग डावी बाजू घेतली. दांडी, मणी, पायऱ्या, खुंट्या, सगळं डावीकडे चढलं. शिट्टीही चढली. उजवी बाजू सुरू करायची आणि तेवढ्यात हात सुरू झाला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एक पायरी बसवायला बसले, तीन वेळा पडली, चौथ्यांदा बसली ती वाकडी. ती उपटून काढली आणि इंजिन जुन्या बनियनमध्ये गुंडाळून घरी फडताळात ठेवलं, समई आणि तांब्याच्या मागे. डावी बाजू नटलेली, उजवी बोडकी. बायने विचारलं तर सांगितलं, "भाग यायचेत." आदेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, डोंबिवलीहून फोन करून विचारलं तर त्यालाही तेच. कुठून यायचे भाग? सगळे भाग दुकानाच्या खणात पडून होते.

मला एवढंच म्हणाले, "एक तरी आपलं असावं असं वाटलं होतं रे. व्हईल. गोळ्यांनी उतार पडला की करीन." आणि मग मुठीत मूठ घट्ट धरून बसले.

उतार पडला नाही. आषाढ गेला, श्रावणात मी मुरबाडला गेलो तर बायने मला भरून कप दिला आणि दाजींना अर्धा. मी चेष्टा केली. "बाय, नवऱ्याला अर्धा चा? आमच्या ढाब्यावर असं केलं तर गिऱ्हाईक ग्लास फेकून मारंल." बाय म्हणाली, "पित्त होतं त्यांना." दाजीही म्हणाले, "आजकाल असंच चालू हाय. कंजूष झाली म्हातारपणी." हसलो तिघं. अर्धा कप दाजींनी उचलला, नीट प्यायला. मी मनात म्हटलं, गोळ्या लागू पडतायत वाटतं.

मग भाद्रपद संपत आला. घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं पितळ-तांबं खाली येतं. बायची भांडी म्हसा गावच्या जत्रेतली, सासूच्या वेळची. तिला ती आरशासारखी लागतात. मागच्या दारी न्हाणीजवळ बसायचं, चुलीतली राख घ्यायची, भिजवलेली चिंच घ्यायची, नारळाची किशी घ्यायची आणि कोपरापासून जोर लावायचा. बायने फडताळ रिकामं केलं. घंगाळ आलं, तांब्या आला, समई आली, ताम्हण आलं. आणि बनियनमधलं इंजिनही आलं.

पितळच होतं ना ते! राळेने काळं पडलेलं, हात लागून लागून कळकट. बायच्या हिशेबाने पितळ काळं पडलं की चिंच. तिने चिंच लावली, राख लावली, किशीने घासलं. आधी उजवी बाजू, ती बोडकी, छान निघाली. मग डावी.

मी नेमका त्या दिवशी तिथे होतो. पेठेत सामान घ्यायला आलो होतो, दाजींना दुकानातून घेऊन जेवायला घरी गेलो. मागच्या ओट्यावर फडकं पसरून बायने सगळं उन्हात मांडलं होतं. समईच्या शेजारी इंजिन. सोन्यासारखं चमकत होतं, खोटं कशाला बोलू. पण डाव्या बाजूला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. दांडी नाही, पायऱ्या नाहीत, खुंट्या नाहीत. वर शिट्टीच्या जागी सोल्डरचा डाग तेवढा होता.

"बघा, कसं निघालं," बाय म्हणाली. मग तिने दाजींचं तोंड पाहिलं, माझं पाहिलं, आणि इंजिनाकडे नीट पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला. हाताला अजून चिंच लागलेली होती.

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. दाजी ओट्यावर बसले. इंजिन मांडीवर घेतलं, डावी बाजू बघितली, उलटं करून उजवी बघितली.

"चला," दाजी म्हणाले. "दोनी बाजू सारख्या झाल्या."

आणि जेवायला बसले. भाकरी-माठाची भाजी दोनदा मागून घेतली. मी घास घेता घेता त्यांच्याकडे बघत होतो आणि मला जे दिसलं त्याचा मला राग आला. या माणसाच्या अंगावरचं ओझं उतरलं होतं. आता उजवी बाजू कधी करणार म्हणून कोणी विचारणार नव्हतं. इंजिन अर्धवट राहिलं ते हातामुळे नाही, चिंचेमुळे. महिपतचा हात शाबूत होता, बायकोने घात केला. लोकांना सांगायला यापेक्षा बरं काय पाहिजे?

आणि सांगितलंही. आदेशचा फोन आला तर, "आईनं घासून टाकलं रे." दुकानात कोणी विचारलं तर, "इंजिन ना? बायकोनं चिंचेनं घासलं." लोक पोट धरून हसायचे. दाजीही हसायचे, हात खिशात ठेवून. पेठेत गोष्ट फिरली. बाय भाजी घ्यायला गेली तर भाजीवाली म्हणाली, "काय सकूवहिनी, चिंच देऊ का?"

बाय घरी आली. ती अळूत बसली.

घासलेलं पाणी ती न्हाणीच्या मागे अळूच्या वाफ्यात ओतते. म्हणजे जे काही तुटलं ते त्या चिखलात. रोज दुपारची कामं उरकली की ती वाफ्यातली एक घमेलं माती उकरायची, पोत्यावर पसरून वाळवायची, पिठाच्या चाळणीने चाळायची. वर जे राहील ते सुपात घेऊन पाखडायची. माती उडते, पितळ जड, ते सुपात राहतं. तांदळातले खडे वेचण्यात जन्म गेलेली बाई; तिच्या नजरेतून काय सुटणार? पण गुडघे साफ गेलेत तिचे. बसली की उठताना भिंतीला धरून, आई गं करत उठायची.

मी एकदा मदतीला गेलो. दुकानातल्या जुन्या स्पीकरचं भलंमोठं लोहचुंबक नेलं आणि चिखलातून फिरवायला लागलो. एक गंजका खिळा आला आणि बाटलीचं बूच आलं. बाय बघत राहिली, मग म्हणाली, "सावळाराम, पितळ चिकटत नाय रे लोहचुंबकाला." मी ते खाली ठेवलं.

"बाय, सोड ना आता. घट बसलेत, दसरा आला. काय मिळणार?"

"मिळतंय की." तिने कमरेची पिशवी चाचपली. "मी मोडलं, मी शोधायला नको? इतक्या दिवसांनी एक घरात ठेवलं होतं त्यांनी."

हे ऐकलं आणि मला सोसवेना. तडक दुकानात गेलो. दाजी बसले होते, समोर एक रिमोट उघडा, पण हात मांडीवर. मी शटर अर्धं खाली ओढलं.

"दाजी, ती तिकडं अळूत बसून चिखल चाळतेय."

"माहीत हाय. मी सांगतो तिला नको म्हणून."

"नको म्हणून नका सांगू. खरं सांगा. तुमच्या हातानं आठ महिन्यांपूर्वीच मान टाकली, तिनं काय नाय मोडलं!"

"हळू बोल रे."

"का हळू बोलू? अख्खी पेठ हसतेय तिला. तुमी पण हसताय त्यांच्यात. लाज नाय वाटत?"

दाजींनी मला असं कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मेहुणा दाजींना असं बोलत नाही, आमच्याकडे तर नाहीच. मला वाटलं आता तेही चढून बोलतील. पण त्यांनी उजवा हात वर काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तो तिथे थरथरत राहिला. रिमोटची बटणं त्याच्याबरोबर हलत होती.

"वाटते," ते म्हणाले. "रोज सकाळी वाटते. उठतो, तोंड धुतो, म्हणतो आज सांगायचं. मग ती चा आणते आणि मी बोलत नाय. दमलो रे, सावळाराम. हात लपवून लपवून हातापेक्षा मीच दमलो."

मी शटर वर केलं आणि एसटी पकडली.

दसऱ्याला मी दरवर्षी बायकडे जातो, सोनं द्यायला. यंदाही गेलो, आपट्याची पानं घेऊन. दाजींनी आंघोळ करून पाट मांडला होता. त्यावर दुकानातली हत्यारं: सोल्डरिंगची गन, चिमटा, पाती, सुई, आणि ते लाटणं. शेजारी इंजिन, तसंच बोडकं, चमकणारं. झेंडूचं एकेक फूल प्रत्येकावर ठेवलेलं होतं. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. दाजींच्या तोंडावर तेवढ्यापुरता आराम होता. आज हत्यार उचलत नाही याचा कोणाला हिशेब द्यायचा नव्हता.

बाय आतून हळदीकुंकू घेऊन आली. हत्यारांना लावलं, इंजिनाला लावलं. मग कमरेची पिशवी काढली आणि पाटासमोर खाली बसून ताटलीत रिकामी केली. वाकलेली दांडी. मणी. पायऱ्या. दिव्याच्या खुंट्या. सगळं धुऊन, पुसून, लख्ख. ती बोटाने एकेक बाजूला करत होती.

"शिट्टी तेवढी राह्यली," ती म्हणाली. "वाफ्याचा कोपरा राह्यलाय अजून. उद्या बघते. मिळंल."

दाजी ताटलीकडे बघत राहिले.

"सकू, बस झालं. नको शोधू."

"एवढं शोधलं, मंग शिट्टी कशाला सोडू?"

"त्याचं आता काय व्हायचं नाय. मला नाय बसवता यायचं." दाजी थांबले. मी पानं हातात घेऊन दारात तसाच उभा. "माझा हात गेलाय गो. तू घासलंस त्याच्या लई आधी गेलाय. इंजिन अर्धवट राह्यलं ते तुझ्यामुळं नाय. कंपवात हाय मला. तुला सांगितलं नाय. लोक तुला हसले आणि मी हसू दिलं."

बायने वर बघितलं नाही. तिने एक मणी ताटलीच्या कडेहून मध्ये सरकवला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"हात. संक्रांतीला तीळगूळ द्यायला लागलात नि सगळा खाली सांडलात, तवापासनं ठावं हाय. तुमचा कप अर्धा भरते मी तवापासनं. सांडू नये म्हून. तुमी बोलायला तयार नव्हता, मंग मी तरी काय बोलू?"

मी ढाबेवाला. माणूस चहा कसा पितो यावरून त्याला ओळखणारा. श्रावणात त्याच घरात बसून मी त्या अर्ध्या कपाची चेष्टा केली होती आणि बाय पित्ताचं नाव सांगून गप्प राहिली होती. मला तिथल्या तिथे माझा ढाबा विकून टाकावासा वाटला.

"मग घासलंस कशाला?" दाजींनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की तो त्यांचाच की कोणाचा, असं वाटावं.

"तुमी हात लावत नव्हता त्याला. काळं पडून चाललं होतं. म्हटलं उजळून ठेवते, दसऱ्याला पाटावर मांडतील, तेवढंच बरं वाटंल." आता तिचा आवाज फुटला. "मला काय माहीत ते असं मोडतं?"

दाजींनी हात पुढे केला, उजवाच. थरथरत होता, तरी केला. तिच्या खांद्यावर ठेवला आणि तो तिथेही थरथरत राहिला. तिच्या पदराचा काठ त्याच्याबरोबर हलत होता. बाय तशीच बसून राहिली. मग नेहमीसारखी भिंतीला धरून, आई गं करत उठली आणि डोळे पुसत आत गेली.

आतून कपबशांचा आवाज आला. ती ट्रे घेऊन आली. मला भरलेला कप. दाजींना अर्धा.

दाजींनी कपात बघितलं.

"भरून दे," ते म्हणाले.

"सांडंल."

"सांडू दे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आत जाऊन पातेलं घेऊन आली आणि कप काठापर्यंत भरला. दाजींनी तो दोन्ही हातांनी उचलला. बशी वाजली. चहा बशीत सांडला, धोतरावर सांडला, पाटावरच्या लाटण्यावर सांडला. बाय जागची हलली नाही, फडकं आणायला गेली नाही. दाजींनी उरलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि रिकामा कप तिच्या हातात दिला.

मग मी सोनं दिलं. दाजींच्या हातातून आपट्याची पानं खाली पडली. ती उचलून मी परत दिली आणि या वेळी आम्ही दोघांनी मिळून धरली.